कुत्र्याची शिकवणी

अकरा वर्षे आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवत आलो. चौकातले लोक आम्हाला साधे 'सर' म्हणत. २०२५ च्या जानेवारीपासून मात्र पानठेल्यावर आमची ओळख बदलली. 'कुत्ते की ट्यूशन वाले सर' असा आमचा उल्लेख होऊ लागला. "सर, उसका रिझल्ट कब है?" असे कुणीतरी विचारतो, बाकीचे हसतात आणि आम्हीही हसून पुढे जातो. लोकांचे तसे काही चुकले नव्हते. आपल्या मोहल्ल्यात मुलांना शिकवणी लावायला पैसे नसतात. तिथे एका मास्तराने पदरचे पैसे खर्चून कुत्र्याला मास्तर लावला, तर लोक हसणारच.

पण ते घडले कसे, आणि त्या आठ रविवारांत नेमके कोण शिकले, हे आम्ही कुणाला सांगितले नाही. ते इथे सांगतो.

आधी हे कबूल करतो की कुत्र्यांशी आमचे कधीच जमले नाही. उर्दू साहित्यात कुत्र्यांना मोठा मान आहे. पतरस बुखारींचा 'कुत्ते' हा विनोदी लेख आम्ही दरवर्षी मुलांना मोठ्याने वाचून दाखवतो आणि वर्ग हसून लोळतो. फैजसाहेबांनी त्याच नावाची नज्म लिहिली आहे. मजनूला तर लैलाच्या गल्लीतले कुत्रेही प्यारे होते. पण साहित्यातले कुत्रे चावत नाही. खऱ्या कुत्र्यापासून आम्ही लहानपणापासून चार हात दूर राहिलो. एक तर भीती, आणि दुसरे म्हणजे कपड्यांना त्याचे तोंड लागले तर नमाजेचे काय, ही काळजी. अम्मी सांगायची, ज्या घरात कुत्रा असतो त्या घरात रहमतचे फरिश्ते येत नाहीत. त्यापुढे कुणी काही विचारत नसे.

हिंगणघाटकडून गिरडला जाताना, बाबा फरीदांच्या टेकडीच्या अलीकडे, अब्बांनी ठेवलेले साडेतीन एकर रान आहे. आमचा धाकटा भाऊ ते कसतो. कपाशी, तूर, थोडे सोयाबीन आणि ओलिताची सोय असेल त्या वर्षी हरभरा. त्या भागात शेती करणाऱ्याला दोन शत्रू असतात, एक बाजारभाव आणि दुसरा रानडुक्कर. डुकरांचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचा अर्धा एकर उकरून जातो. रोही येतात ते वेगळेच. भाऊ हिवाळाभर जागलीला जायचा. एकदा तो थकून म्हणाला, "भाईजान, कुंपणाच्या तारेत करंट सोडतो. बाजूच्यांनी सोडला आहे."

आम्ही त्याला हात जोडले. तो गुन्हा आहे हे तर झालेच, पण असल्या तारांनी आपल्या विदर्भात किती शेतकरी आपल्याच शेतात गेले ते वर्तमानपत्रात वाचत होतोच. २०१७ च्या ऑक्टोबरात आपल्याच वर्धा जिल्ह्यात शेताच्या तारेतल्या करंटने एक वाघीण मेली होती. उद्या त्या तारेला पहाटे बहिर्दिशेला निघालेला माणूस लागला तर? भाऊ म्हणाला, "मग कुत्रा पाळू द्या."

आम्ही इमामसाहेबांकडे गेलो. ते हसले. म्हणाले, शेतीच्या, गुराढोरांच्या राखणीसाठी आणि शिकारीसाठी कुत्रा पाळायची सवलत हदीसमध्येच आहे. घरात शौक म्हणून ठेवू नका, नमाजेच्या जागेपासून दूर ठेवा, लाळ लागली तर धुऊन घ्या. आपण हनफी, कोकणातले आपले शाफई बांधव याबाबत आपल्यापेक्षा कडक आहेत आणि इमाम मालिकांच्या मते तर कुत्रा मुळात नापाकच नाही, हेही त्यांनी सांगितले. निघताना म्हणाले, "मास्तर, सूरए-कहफ दर जुम्म्याला पढता ना? त्या गुहेच्या उंबऱ्यावर कोण बसले आहे ते विसरू नका."

तर असा तो आला. पिवळसर रंगाचा, एका कानाला काळा डाग असलेला गावठी कुत्रा. जात विचारू नका. भावाने त्याचे नाव शेरू ठेवले. शेतावरचा गडी मराठी माणूस, त्याने वाघ्या ठेवले. दोन्ही नावे एकाच अर्थाच्या आसपासची, म्हणून कुणी बदलायचा आग्रह धरला नाही. दीड वर्ष त्याने राखण चांगली केली.

२०२४ च्या डिसेंबरातला एक रविवार. बोरांचे दिवस. आमच्या शाळेतली चार-पाच पोरे सायकली घेऊन रानाकडे गेली. आमच्या बांधावर बोरीचे जुने झाड आहे. कुत्रा भुंकत धावला. बाकीची पोरे पळाली. एक उभा राहिला आणि त्याने दगड उचलला. कुत्र्याने त्याची पोटरी धरली.

तो मुलगा सहावीत होता, आमच्याच वर्गात. अंगाने बारीक, अक्षर चांगले, पहाड्यांत कच्चा. त्याचे वडील जिनिंगमध्ये हमाली करतात.

आम्ही पोहोचलो तेव्हा त्याच्या आईने जखमेवर तिखट आणि चुना भरला होता. आपल्याकडे अजून हेच करतात. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुतली, तो ओठ चावून बसला होता. मग मोटारसायकलवर मध्ये बसवून सरकारी दवाखान्यात नेले. जखमेभोवती एक औषध टोचले आणि लसीच्या तारखा लिहून दिल्या. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, तो जमाना वीस वर्षांपूर्वीच संपला. आता दंडात घेतात आणि चार-पाच वेळांत काम होते. डॉक्टरांनी विचारले, "कुत्र्याला लस दिली होती?" आम्ही खाली पाहिले. दिली नव्हती. बी. एड. झालेला माणूस, विज्ञानाच्या तासाला रेबीज शिकवणारा, आणि दिली नव्हती. कुत्र्याला बांधून दहा दिवस नजरेखाली ठेवा, असे त्यांनी सांगितले. त्या दहा दिवसांत आम्हाला धड झोप आली असेल असे वाटत नाही. अल्लाहचा शुक्र, कुत्रा ठणठणीत राहिला आणि मुलाच्या लसीही वेळेवर झाल्या.

अकराव्या दिवशी मुलाचे वडील आले. ओट्यावर बसले, चहा घेतला नाही. म्हणाले, "सर, पैसा नहीं चाहिए. उसको खतम कर दो. मेरा पोट्टा रात को चिल्लाके उठता."

बरोबर आलेल्या एकाने बेसनाच्या लाडवाचा उपाय सुचवला. लाडवात काय घालायचे ते आम्ही लिहीत नाही. शेतावरच्या गड्याचे मत वेगळे होते. "मुका जीव हाय जी मास्तर. राखन बी त्यानंच केली ना. मारता कायले?" भाऊ काहीच बोलेना. आम्हाला वाटले अम्मी तरी म्हणेल, टळू दे ती नापाक बला. अम्मीने आयुष्यात त्याला उंबऱ्याजवळ येऊ दिले नव्हते. शेतावरून आल्यावर भावाला कपडे बदलल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नसे. ती आतूनच म्हणाली, "तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजले म्हणून अल्लाहने एका गुन्हेगाराची मगफिरत केली, हे तुम्हीच मुलांना शिकवता ना? मग?"

आम्ही मुलाच्या वडिलांकडे दोन महिन्यांची मुदत मागितली. या दोन महिन्यांत कुत्रा सुटला तर तुम्ही म्हणाल ते करू, असे तोंडाने बोलून गेलो. पण करायचे काय, हे माहीत नव्हते.

कुत्र्याला शिकवणारी माणसे असतात आणि ती पैसे घेतात, हे आम्ही सिनेमातच पाहिले होते. एका ओळखीच्या पोलिसाने सांगितले की श्वान पथकातून निवृत्त झालेले एक हवालदार खासगी कामे घेतात. फोन केला. एका खेपेचे पाचशे रुपये आणि एस.टी.चे भाडे, दर रविवारी एक तास, असे आठ रविवार. रक्कम ऐकून आमच्या बेगमने हिशेबाची वही पुढे ठेवली. त्यात मुलीच्या संगणक क्लासची फी लिहिलेली होती. तीन दिवस घरात त्यावर बोलणे चालले. शेवटी ती म्हणाली, "कुत्र्यासाठी देत नाही. त्या पोराला झोप लागावी म्हणून देते."

पहिल्या रविवारी हवालदारसाहेब आले. साठीच्या पुढचे, पांढऱ्या मिशा, पायात कॅनव्हासचे बूट. आम्हाला वाटले आता शिट्ट्या, आरोळ्या, परेड. ते बांधावर बसले आणि अर्धा तास काहीच केले नाही. कुत्र्याकडे पाहिलेही नाही. घड्याळात पाहून आम्ही मनातल्या मनात अडीचशे रुपये वजा केले. मग ते उठले, कुत्र्यापासून दहा पावलांवर थांबले आणि डोक्यावरची टोपी नीट करायला त्यांनी सहज हात वर केला. कुत्रा पोटावर बसला. कान मागे, डोळे मिटलेले, ओठ वर आणि दात बाहेर.

"याला कोण मारतं?"

कुणी बोलले नाही. मग भाऊ म्हणाला, कधीमधी. गडी म्हणाला, एक-दोन डाव. आम्ही एकदा. तो आमच्या चपलेला तोंड लावून बसला होता, तेव्हा पऱ्हाटीने.

"गुरुजी, हे कुत्रं रागीट नाही, भ्यालेलं आहे," ते म्हणाले. "वर गेलेला हात म्हणजे मार, एवढंच त्याला पाठ झालंय. त्या पोरानं दगड उचलायला हात वर केला. पळायला जागा असती तर हे पळालं असतं. पण मागे तुमची तार, पुढे पोरगं. मग चावलं. रागानं चावणारी कुत्री मी नोकरीत फार कमी पाहिली. बहुतेक भीतीनंच चावतात."

आम्हाला बी. एड. चे दिवस आठवले. शैक्षणिक मानसशास्त्राच्या पेपरात पावलोव्हचा कुत्रा हमखास यायचा. घंटी, अन्न, लाळ. आम्ही आकृती काढून, नावे देऊन पूर्ण गुण घेतले होते. पावलोव्हला १९०४ साली नोबेल मिळाले ते पचनक्रियेच्या अभ्यासासाठी, ही माहितीही वर जोडली होती. पण घंटीने लाळ सुटते, तशीच वर गेलेल्या हाताने भीतीही सुटते, हे त्या आकृतीत कुठे दिसले नव्हते. स्किनरचे प्रबलन आम्ही पाठ केले होते. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे, हे लिहून गुण घेतले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत छडी घेऊन गेलो.

दुसऱ्या रविवारी अडचण निघाली ती भाषेची. हवालदारसाहेबांनी विचारले, "घरात कोणती भाषा?" आम्ही हसलो. हा प्रश्न जनगणनेवाल्यांनाही पुरून उरतो. शाळेत उर्दू, बाजारात मराठी, गड्याशी वऱ्हाडी, अम्मीशी आमची ती घरची हिंदी आणि नमाजेत अरबी. ते म्हणाले, "कुत्र्याला व्याकरण नको. एका कामाला एक शब्द, आणि तो घरातल्या सगळ्यांनी तसाच म्हणायचा." मग 'ये', 'बस', 'थांब', 'सोड' असे चार मराठी शब्द ठरले. नावही एकच ठेवायचे होते. भाऊ आणि गडी यांच्यात थोडी बोलाचाली झाली आणि अखेर शेरू हरला, वाघ्या राहिला.

घोटाळा झाला तो 'बस'चा. मराठीत बस म्हणजे खाली बस. आमच्या घरात बस म्हणजे पुरे. एके दिवशी अम्मी शेतावर आली होती. बेगम कपात चहा ओतत होती आणि अम्मी म्हणाली, "बस, बस." पलीकडे खुंट्याजवळ उभा असलेला वाघ्या टुणकन खाली बसला. अम्मीने परत म्हटले, "अरे बस!" तो बसलाच होता, आता काय करावे म्हणून आडवा झाला. अम्मी हसली. त्या जनावराकडे पाहून ती हसलेली आम्ही पहिल्यांदाच पाहिली. त्यानंतर घरात चहा 'पुरे' झाला. मराठी-उर्दूचा वाद आपले विद्वान कित्येक वर्षे घालताहेत. आमच्या घरात त्यातला एका शब्दापुरता वाद एका कुत्र्याने मिटवला.

शिकवण्याची रीत सोपी होती, म्हणूनच अवघड होती. उकडलेल्या अंड्याचे नखाएवढे तुकडे करायचे. शब्द एकदाच उच्चारायचा, आवाज न चढवता. त्याने केले की लगेच, एक-दोन सेकंदांच्या आत, तुकडा द्यायचा. उशीर झाला तर आपण कशाबद्दल दिले ते त्याला कळत नाही. दहा मिनिटांपेक्षा जास्त एका वेळी शिकवायचे नाही. नाही जमले तर ओरडायचे नाही, काम सोपे करायचे. भावाची एक चूक हवालदारसाहेबांनी पकडली. तो वाघ्याला 'ये' म्हणून बोलवायचा आणि आला की साखळी घालायचा. "तुम्ही त्याला ये शिकवत नाही, येऊ नको शिकवताय," ते म्हणाले. तेव्हापासून बोलावले की आधी खाऊ, थोडा लाड आणि मग, दर वेळी नव्हे, कधीतरी साखळी.

आम्ही विचारले, पोलिसांत असेच शिकवता? ते म्हणाले, पुण्याला शिवाजीनगरच्या केंद्रात शिकलो, तिथेही पाया हाच. मग मुंबईच्या झंजीरचा विषय निघाला. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर तीन हजार किलोहून जास्त आरडीएक्स ज्याने हुंगून काढले तो लॅब्राडोर. नोव्हेंबर २००० मध्ये तो गेला. "त्याने किती माणसं वाचवली ते मोजता येत नाही," हवालदारसाहेब म्हणाले, "आणि त्याला वाटत असणार आपण खेळतोय." त्या साली मुंबईत काय घडले ते आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. आम्हाला एवढेच वाटले, त्या दिवसांत शहरात माणूस हुंगताना फरक न करणारा एक जीव तरी होता.

इमामसाहेबांना आम्ही हे सगळे सांगत असू. त्यांनी सूरए-माइदाची आठवण दिली. शिकवून तयार केलेल्या शिकारी जनावराने धरलेली शिकार हलाल आहे, असे तिथे आहे. आणि जनावराला तुम्ही जे शिकवता ते अल्लाहने तुम्हाला दिलेल्या इल्ममधूनच, अशा अर्थाचे शब्द आहेत. ही आयत आम्ही शेकडो वेळा पढलो असू. त्यात शिकवणाऱ्याचा उल्लेख आहे, इकडे मास्तर असूनही आमचे लक्ष गेले नव्हते.

तिसऱ्या रविवारनंतरचा सोमवार. आम्ही फळ्यावर अपूर्णांक लिहीत होतो. खडू घेऊन वळलो आणि वरच्या कोपऱ्यातली तारीख पुसायला हात वर केला. दुसऱ्या बाकावर तो मुलगा बसला होता. त्याने डोळे मिटले आणि कोपर कानावर नेले.

क्षणभरच. लगेच त्याने वही पुढे ओढली, जणू काही झालेच नाही. बाकी कुणाच्या लक्षातही आले नाही. आमचा हात फळ्यावर तसाच राहिला.

आम्हाला जुलै महिना आठवला. तेराचा पहाडा. तीनदा विचारला, तीनदा चुकला आणि आम्ही कानाखाली लावली. एकच. त्यानंतर अजून दोन-तीनदा असेल. मोजली नाही, कारण मोजण्यासारखे ते वाटतच नव्हते. मुलांना मारायला कायद्याने बंदी आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याचे सतरावे कलम, हे आम्हाला पाठ आहे. प्रशिक्षणात त्यावर आम्ही पाच मिनिटे बोललोही होतो. पण टेबलावर छडी असायची, आणि तिला आम्ही हसत 'उपमुख्याध्यापक' म्हणायचो.

मधल्या सुट्टीत त्याला बाहेर बोलावले. लिंबाखाली उभे राहून विचारले, "तू दगड का उचललास?" तो खूप वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, वो भोंकता आया. मेरे को लगा मारेगा. तो मैं पहले मारने गया." थोड्या वेळाने त्यानेच विचारले, "सर, उसको भी कोई मारता क्या?"

'भी' हा शब्द आमच्या कानातून अजून गेलेला नाही.

त्या संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. कुत्र्याबद्दल बोलायला आलो असे वडिलांना वाटले. आम्ही म्हणालो, मी तुमच्या मुलाला मारले आहे, ते चुकले. ते गोंधळले. जिनिंगच्या कापसाचे तंतू त्यांच्या भुवयांवर होते. म्हणाले, "अरे सर, आप तो उस्ताद हो. मारो ना. हड्डी हमारी, चमडी आपकी." त्यांनी हे इतक्या भलेपणाने म्हटले की आमच्याने पुढे बोलवेना. हेच वाक्य आमच्या अब्बांनी आमच्या उस्तादांना म्हटले होते. याच वाक्याच्या आडोशाला आम्ही अकरा वर्षे उभे होतो. बाप चमडी देऊन टाकतो, पण ती ज्याची असते त्याला कुणी विचारत नाही. तो दाराआड उभा राहून ऐकत होता.

छडी आम्ही शेतावर नेली. भावाने ती वांग्याच्या झाडाला टेकू म्हणून रोवली. यात आम्ही काही थोर केले असे नाही. पहिले दोन आठवडे वर्ग अक्षरशः डोक्यावर बसला. आवाज चढवून घसा बसला. मग हवालदारसाहेबांची रीत आठवली, जमत नसेल तर ओरडू नका, काम सोपे करा. तेराचा पहाडा सोडून आधी दहाचा आणि तीनचा घेतला आणि दोघांची बेरीज करायला लावली. बरोबर आले की त्याच क्षणी सांगायचे, परीक्षेची वाट पाहायची नाही. मुले म्हणजे कुत्री नव्हेत, हे आम्हालाही कळते. मुलाला कारण विचारता येते, त्याला प्रश्न पडतात. पण भीतीने दोघांचेही डोके सारखेच बंद होते.

खरे तर हे आम्हा वर्ध्याच्या लोकांना कुणी बाहेरून येऊन शिकवायला नको होते. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यातच गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली, नई तालीमचा विचार मांडला आणि त्याचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. आमच्या शाळेत त्यांची तसबीर आहे. हाताने काम करत, आनंदाने शिकणे हा त्या आराखड्याचा गाभा. आमच्या टेबलावरची छडी बरोबर त्या तसबिरीखाली असायची.

आठवा रविवार आला. वाघ्या बोलावले की यायचा, बसायचा, थांबायचा, तोंडातली वस्तू सोडायचा. हात वर केला तर मान खाली घालायचा, पण दात दाखवत नव्हता. आम्ही खूश होतो. हवालदारसाहेबांनी आमचा आनंद थोडा कमी केला. म्हणाले, "गुरुजी, हा बरा झाला असं समजू नका. एकदा चावलेल्या कुत्र्यावर पुन्हा डोळे मिटून भरवसा ठेवायचा नाही. दिवसा बांधलेलाच ठेवा. पोरांच्या गर्दीत नेऊ नका, नेलाच तर तोंडाला जाळी घाला. बांधावर पाटी लावा. दरवर्षी लस द्या. नसबंदी करून घ्या. पिल्लू असताना, दोन-तीन महिन्यांचा असताना, त्याला माणसं दाखवली असती तर यातलं निम्मं करावं लागलं नसतं." शेवटचे पाचशे रुपये घेताना त्यांनी दोनशे परत केले. "पोरीच्या क्लासला द्या," म्हणाले. ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली ते कळले नाही. बहुधा अम्मीने.

त्यांनी सांगितले ते सगळे आम्ही केले. वाघ्या आज आहे, रात्री राखण करतो. मुलाच्या वडिलांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

२०२५ मध्ये कुत्र्यांचा प्रश्न देशभर गाजला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांबाबत एकापाठोपाठ दोन आदेश झाले. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानके यांच्या आवारातून भटकी कुत्री हटवण्याचा आदेश आला. शिक्षकांच्या खोलीत जोरदार वाद झाला. कुणी म्हणे सगळी मारा, कुणी म्हणे एकालाही हात लावू नका. आम्ही सांगितले की हा वाद जुनाच आहे. १९२६ साली अहमदाबादेत एका गिरणीमालकाने साठ भटकी कुत्री मारवली, तेव्हा गांधीजींनी, अहिंसेच्या त्या माणसाने, त्याची बाजू घेतली होती आणि 'यंग इंडिया'त त्यांना लेखामागून लेख लिहावे लागले होते. बेवारस कुत्र्याला तुकडा फेकणे म्हणजे दया नव्हे, पाळायचे तर नीट जबाबदारी घेऊन पाळा, असे त्यांचे म्हणणे होते. सहकाऱ्यांनी आमच्याकडे पाहिले. एक जण म्हणाला, "तुमचं काय, तुमच्या कुत्र्याला तर डिग्री आहे." आम्ही पुन्हा हसलो.

त्यांना आम्ही सांगितले नाही की शाळेच्या आवारात एखादे कुत्रे भुंकले की आम्ही आधी त्याच्या मागे भिंत आहे का ते पाहतो. आणि एखादे मूल उलट बोलले तरी तेच पाहतो.

तो मुलगा आता सातवीत आहे. रात्री ओरडून उठणे थांबले, असे त्याची आई सांगते. बोरे खायला आमच्या बांधावर तो पुन्हा आला नाही, आणि आम्हीही त्याला बोलावले नाही. वाघ्याची वर गेलेल्या हाताची भीती कमी व्हायला आठ रविवार लागले. याला त्याहून खूप जास्त दिवस लागत आहेत. फळ्यावर वर लिहायचे असले की आम्ही आता आधी सांगतो, "वर लिहितो हं," आणि मग हात उचलतो. वर्गाला ती आमची लकब वाटते. एक-दोन पोरे नक्कलही करतात.

पूर्वी वही दाखवायला तो टेबलापासून हातभर दूर उभा राहायचा आणि वही पुढे सरकवायचा. गेल्या आठवड्यात त्याने तेराचा पहाडा न पाहता लिहून आणला. तेरा नवे एकशे सतराला अडखळून त्याने खाडाखोड केली होती, पण उत्तर बरोबर होते. तो टेबलाला टेकून उभा होता. आम्ही लाल पेन घ्यायला हात उचलला. त्याने डोळे मिटले नाहीत. तो वहीकडे पाहत होता.